रॅगिंगची तक्रार: पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका

कॉलेजात रॅगिंग झाल्याचे कळले की बहुतेक पालक थेट प्राचार्यांना भेटायला जातात. केबिनमध्ये चहा येतो, "मी जातीने लक्ष घालतो" असे सांगितले जाते आणि पालक संध्याकाळची एसटी पकडून गावी परततात. महिन्याभराने पोरगा पुन्हा मार खातो, तेव्हा लक्षात येते की कॉलेजच्या दफ्तरी पहिली तक्रारच नाही. रॅगिंगच्या नियमांत कॉलेजवर दोन मुदती आहेत, २४ तासांची आणि ७ दिवसांची. दोन्ही कडक आहेत. पण त्या कधी सुरू झाल्या हे पुढे सिद्ध करायचे तर पोचेवरची तारीखच कामाला येते. म्हणून खाली जे काही सांगितले आहे, त्याचा कणा म्हणजे शिक्का मारलेला एक कागद.

इथली माहिती मुख्यतः महाराष्ट्रातल्या कॉलेजांना लागू आहे. मुलगा किंवा मुलगी राज्याबाहेर शिकत असेल तर काय बदलते, ते पुढे ओघात येईल.

पहिले चोवीस तास

आधी मुलाला त्या खोलीतून हलवा. नातेवाइकाकडे, मित्राच्या घरी, नाही तर सरळ गावी. प्रकार चालू असतानाच फोन आला असेल तर ११२ लावा आणि कॉलेजचे नाव, होस्टेल, मजला, खोली सांगा. मूल एकदम गप्प झाले असेल, झोप उडाली असेल, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करत असेल तर त्याला एकटे ठेवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवले तर त्याचा केसपेपर जपून ठेवा, मानसिक त्रासाचा पुरावा तोच असतो.

मारहाण झाली असेल तर सरकारी रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा: मारहाण झाली आहे, एमएलसी (पोलिसी प्रकरणासाठीची वैद्यकीय नोंद) करा. इथे एक चूक फार मुले करतात. वॉर्डन किंवा सीनियर सोबत असतो, त्याच्या भीतीने मुलगा "जिन्यावरून पडलो" असे सांगतो आणि केसपेपरवर तेच उतरते. दोन वर्षांनी कोर्टात आरोपीचा वकील पहिला कागद काढतो तो हाच. असे आधीच लिहून गेले असेल तर पुन्हा रुग्णालयात जा, खरे कारण सांगा आणि आधी खोटे का सांगितले तेही नव्या नोंदीत लिहून घ्यायला सांगा.

वळांचे आणि मुक्या माराचे फोटो एकदाच काढून थांबू नका. मुका मार आधी लालसर दिसतो, मग निळा-जांभळा पडतो, काही दिवसांनी हिरवट आणि शेवटी पिवळा होतो. पहिल्या रात्री जिथे काहीच दिसत नव्हते तिथे तिसऱ्या दिवशी बोटांचे ठसे उमटलेले दिसतात. म्हणून रोज, उजेडात, एक फोटो चेहरा आणि जखम दोन्ही दिसतील असा लांबून आणि एक जवळून, शेजारी पट्टी किंवा रुपयाचे नाणे ठेवून काढा.

मोबाईलचे तसेच. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर पाठवणारा पुसून टाकू शकतो, त्यामुळे स्क्रीनशॉट लगेच घ्या, नंबर दिसेल असे घ्या आणि चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. मूळ हँडसेट विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र द्यावे लागते आणि मूळ फोन हाताशी असला की ते देणे सोपे जाते. अश्लील चित्रीकरण झाले असेल तर ते काका-मामांना "बघा काय केले" म्हणून पाठवू नका. ती क्लिप फिरवणे हाच स्वतंत्र गुन्हा होतो, मूल १८ वर्षांखालचे असेल तर फारच गंभीर.

सीसीटीव्हीची तर सगळ्यात जास्त घाई. बहुतेक यंत्रणांत जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. त्यामुळे फूटेज जपून ठेवण्याची मागणी त्याच दिवशी, लेखी, तारीख-वेळ आणि कॅमेऱ्याची जागा नोंदवून करा. "होस्टेल बी, दुसरा मजला, जिन्याजवळचा कॅमेरा, रात्री ११ ते २" इतके नेमके लिहा.

"अहो, ही तर गंमत होती"

महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ ची व्याख्या लोकांना वाटते त्याहून बरीच रुंद आहे. शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, भीती, लाज किंवा संकोच वाटेल असे कोणतेही वर्तन तिच्यात येते. चिडवणे, शिवीगाळ, धमकी, थट्टा, आणि विद्यार्थी एरवी स्वखुशीने करणार नाही असे काहीही करायला लावणे, हे सगळे तिच्यात आहे. म्हणजे "इंट्रो" घेताना कोंबडा करणे तर आलेच, पण सीनियरच्या जर्नल लिहून देणे, त्याच्या मेसचे पैसे भरणे, "मास बंक", म्हणजे सगळ्यांनी मिळून तास बुडवायला लावणे, हेही आले. प्रकार कॉलेजच्या आवारात घडला की बाहेरच्या भाड्याच्या खोलीवर, याने फरक पडत नाही. कायदा आत आणि बाहेर दोन्हीकडे मनाई करतो. वसतिगृहे आणि शिकवणी वर्गही "शैक्षणिक संस्था" या शब्दात धरले आहेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, २००९ चे विनियम देशभर लागू आहेत. ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमधून आले. २०१६ च्या दुरुस्तीने त्यांत जात, धर्म, रंग, लिंगभाव, लैंगिक कल, भाषा, प्रांत, दिसणे किंवा आर्थिक स्थिती यांवरून छळणे आणि वाळीत टाकणेही रॅगिंग ठरले. २०२५ मध्ये यूजीसीने ज्युनियरना छळण्यासाठी काढलेल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांनाही रॅगिंगच समजण्याची सूचना कॉलेजांना दिली. वैद्यकीय कॉलेजांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे वेगळे विनियम आहेत, तंत्रशिक्षणासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे (एआयसीटीई). निवासी डॉक्टर हा पगार घेत असला तरी विद्यार्थीच आहे. "ड्युटीचा भाग आहे" हे उत्तर कायद्यात बसत नाही.

तक्रारीचा कागद

राज्याच्या कायद्याच्या कलम ६ नुसार विद्यार्थी, आई-वडील, पालक किंवा संस्थेतला शिक्षक यांपैकी कोणीही संस्थाप्रमुखाकडे लेखी तक्रार करू शकतो. म्हणजे मुलगा घाबरून सही करायला तयार नसेल तर वडिलांची सही चालते. मात्र कागद मुलाच्या तोंडून ऐकून, त्याच्याच शब्दांत लिहा. "माझ्या पाल्याचा अमानुष छळ करण्यात आला" या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. नमुन्यादाखल हे पाहा:

"दि. १२ ऑगस्ट रोजी रात्री ११.४० च्या सुमारास तिसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी (नावे खाली दिली आहेत) माझ्या खोली क्र. २१४ मध्ये आले. त्यांनी दाराला आतून कडी लावली. मला मान खाली घालून नजर शर्टच्या तिसऱ्या बटणावर ठेवायला सांगितली व सुमारे दीड तास बसू दिले नाही. मी पाणी मागितले तेव्हा त्यांपैकी उंच विद्यार्थ्याने डाव्या कानाखाली मारली. नंतर धमकावून माझ्या मोबाईलवरून ८०० रुपये स्वतःच्या खात्यावर पाठवायला लावले. कोणाला सांगितलेस तर होस्टेलवर राहू देणार नाही, असे म्हणाले. माझा रूममेट हजर होता."

यातले प्रत्येक वाक्य वेगळे काम करते. कडी लावली, म्हणजे डांबून ठेवले. धमकीने पैसे घेतले, म्हणजे खंडणी. कानाखाली मारली, म्हणजे इजा. बाकीची धमकी. पोलीस ठाण्यात कोणती कलमे लागणार हे या तपशिलांवर ठरते आणि नेमके हेच तपशील पालक गाळतात, कारण त्यांना मार महत्त्वाचा वाटतो, कडी नाही. उलट घडले नाही ते एक अक्षरही घालू नका. कॉलेजच्या कॅमेऱ्यात दोन जण दिसले आणि तुम्ही सहा लिहिले असतील, तर खरे दोघेही सुटतात. नाव माहीत नसेल तर वर्ष, शाखा, अंगकाठी, टोपणनाव लिहा. मुलाने स्वतः ढकलले, शिवी दिली असेल तर तेही लिहून टाका. समोरून उलटी तक्रार येते तेव्हा हा प्रामाणिकपणा कामी येतो.

अर्ज प्राचार्य, संचालक किंवा अधिष्ठात्यांच्या नावे. खाली मागण्या थोडक्यात लिहा: अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे चौकशी व निलंबन, तक्रार पोलिसांकडे पाठवणे, यूजीसी विनियमांप्रमाणे गुन्हा दाखल करणे, सीसीटीव्ही जपणे, मुलाला सुरक्षित खोली, आणि काय केले त्याचे लेखी उत्तर. आणखी एक मागणी हमखास टाका. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थी आणि त्याचे पालक रॅगिंग करणार नाही अशी हमी देतात. आरोपींच्या त्या हमीपत्रांच्या प्रती चौकशीच्या फाइलला जोडायला सांगा. "आम्हाला नियम माहीत नव्हते" हे त्याने तिथेच संपते. प्रती विद्यापीठाच्या कुलसचिवांना, पोलीस ठाण्याला आणि जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा, कारण जिल्हास्तरीय रॅगिंगविरोधी समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत चालते.

आता पोच. आवक-जावक विभागात दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि शक्यतो वेळही घ्या. "साहेब आले की देतो" म्हणाले तर वाद घालू नका. तिथेच उभे राहून अर्जाचा फोटो कॉलेजच्या अधिकृत ई-मेलवर पाठवा, शक्य तितक्या लवकर स्पीड पोस्ट करा आणि पावती जपा. जुने रजिस्टर एडी आता स्पीड पोस्टातच विलीन झाले आहे, तेव्हा खिडकीवर पोहोचल्याचा पुरावा वेगळा मागून घ्या.

कॉलेजने काय करायलाच हवे

राज्याचा कायदा सांगतो: तक्रार मिळाल्यापासून ७ दिवसांत चौकशी, प्रथमदर्शनी तथ्य आढळले तर आरोपी विद्यार्थ्याचे निलंबन आणि तक्रार तत्काळ पोलीस ठाण्याकडे. तथ्य नसेल तर तसे लेखी कळवणे. संस्थाप्रमुखाने हे टाळले तर कलम ७ खाली त्याने गुन्ह्याला साथ दिली असे मानले जाते आणि दोषी ठरल्यास त्यालाही तीच शिक्षा: दोन वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड. स्मरणपत्रात या कलम ७ चा नुसता उल्लेख केला तरी केबिनमधला सूर बदलतो. आठव्या दिवशी स्मरणपत्र द्या, नवव्या दिवशी नाही.

यूजीसीचे विनियम याहून पुढे जातात. फौजदारी गुन्हा होत असेल तर संस्थाप्रमुखाने २४ तासांत प्रथम खबर (एफआयआर) दाखल करायची. पोलीस तपासाची वाट न पाहता कॉलेजची स्वतःची चौकशी आणि कारवाई ७ दिवसांत संपवायची. "आता प्रकरण पोलिसांकडे आहे, आमचे हात बांधलेले आहेत" हे वाक्य सर्रास ऐकू येते. ते चूक आहे, हे याच विनियमांवर बोट ठेवून सांगा. कारवाई म्हणजे वर्गातून निलंबन, शिष्यवृत्ती रोखणे, परीक्षेला बसू न देणे, निकाल रोखणे, होस्टेलमधून काढणे, एक ते चार सत्रे बाहेर ठेवणे, प्रवेश रद्द करणे आणि शेवटी काढून टाकणे. कोर्टात दोष सिद्ध झाला तर राज्याच्या कायद्याने विद्यार्थ्याला काढून टाकले जाते आणि पाच वर्षे दुसऱ्या कोणत्याही संस्थेत प्रवेश मिळत नाही.

तक्रार करणाऱ्याची आणि साक्षीदाराची ओळख जपणे हेही कॉलेजवर बंधनकारक आहे. रूममेटला समितीपुढे बोलवायचे असेल तर वेगळ्या वेळी, वेगळ्या दाराने बोलवा, अशी मागणी करायला लाजू नका. होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये आरोपी आणि साक्षीदार शेजारी बसले की साक्ष तिथेच फिरते.

हेल्पलाइन: १८००-१८०-५५२२

यूजीसीची ही रॅगिंगविरोधी हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. अँटीरॅगिंग डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. इथे केलेली तक्रार कॉलेज, विद्यापीठ आणि जिल्हा व पोलीस प्रशासन अशी सगळीकडे जाते. तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि पुढच्या प्रत्येक फोनवर तोच तक्रार क्रमांक सांगा. कॉलेजने "समेट झाला" असा अहवाल पाठवला असेल आणि तो खोटा असेल तर तसे लगेच लेखी कळवा. हेल्पलाइन कॉलेजला हलवते, पण शिक्षा देत नाही. फोन केला म्हणून प्राचार्यांकडचा अर्ज किंवा पोलीस ठाण्याची फेरी वाचत नाही.

पोलीस ठाणे: एनसीवर समाधान मानू नका

इथे सर्वांत जास्त फसगत होते. ठाणे अंमलदार शांतपणे ऐकून घेतो, एक कागद हातात देतो आणि पालक "गुन्हा नोंदवला" म्हणून निघतात. तो कागद असतो एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा. एनसीत पोलीस दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपासच करू शकत नाहीत. भारतीय न्याय संहितेत साधी इजा (कलम ११५(२)) आणि अपमान (कलम ३५२) अदखलपात्र आहेत. अर्जात फक्त "मारले आणि शिव्या दिल्या" असेल तर एनसी होणे स्वाभाविकच.

पण अटकाव करणे (कलम १२६(२)), डांबून ठेवणे (१२७(२)), खंडणी (३०८), गंभीर इजा (११७(२)), धोकादायक साधनाने इजा (११८(१)) हे दखलपात्र आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७४(४) सांगते की अनेक गुन्ह्यांपैकी एक जरी दखलपात्र असला तरी सगळे प्रकरण दखलपात्र धरायचे. म्हणून ती दाराची कडी आणि ते ८०० रुपये. पट्टा, रॉड, पेटती सिगारेट वापरली असेल तर तेही ठळक सांगा. सोबत १९९९ च्या अधिनियमाचे कलम ४ लावायला सांगा. ते लावायचे राहून जाते आणि मग आरोपीवरच्या पाच वर्षांच्या प्रवेशबंदीची तरतूद लटकते.

प्रथम खबर सही करण्याआधी शब्दन् शब्द वाचा. तिची प्रत मोफत मिळणे हा फिर्यादीचा आणि पीडिताचा हक्क आहे. प्रतीवर गुन्हा रजिस्टर क्रमांक आहे का पाहा. कॉलेज नागपूरला आणि तुम्ही साताऱ्यात असाल तर जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. "आमची हद्द नाही" हे कारण आता चालत नाही. मुलगी बेळगावात, मुलगा गोव्यात शिकत असेल तरी हाच रस्ता. तिथे महाराष्ट्राचा अधिनियम लागणार नाही, पण गोव्याचा स्वतःचा रॅगिंग प्रतिबंध कायदा आहे, कर्नाटकच्या शिक्षण कायद्यात रॅगिंगचे कलम आहे, आणि यूजीसीचे विनियम तर सगळीकडे आहेतच.

गुन्हा घेतलाच नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार लेखी पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना पाठवा. तिथेही हालचाल नसेल तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. कलम १७५(३) खाली ते तपासाचा आदेश देऊ शकतात. कोर्ट पहिला प्रश्न विचारते तो "अधीक्षकांकडे गेलात का?" त्यामुळे मधली पायरी गाळू नका.

अटकेबद्दल भाबडी अपेक्षा नको. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलीस सहसा आधी नोटीस देऊन बोलावतात. आरोपी दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये दिसला म्हणजे केस मिटली असे नाही. तो दिसू नये यासाठी कलम ६ चे निलंबन आहे, तिकडे जोर लावा. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत पीडिताला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

जिथे आणखी कायदे लागतात

मूल १८ वर्षांखालचे असेल, आणि अकरावी-बारावीची किंवा पदविकेची बरीच मुले असतात, तर लैंगिक स्वरूपाच्या रॅगिंगला पोक्सो, म्हणजे बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा, लागतो. तो मुलगा-मुलगी भेद करत नाही आणि माहिती असून न कळवणाऱ्या वॉर्डनलाही पकडतो. चाइल्डलाइन १०९८. आरोपी स्वतः अल्पवयीन असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते.

सज्ञान मुलाशी मुलांनीच केलेल्या लैंगिक छळाबाबत कायद्यात आज एक भोक आहे. जुन्या दंड संहितेचे अनैसर्गिक लैंगिक कृत्यांबद्दलचे कलम ३७७ नव्या न्याय संहितेत आलेच नाही. म्हणून इजा, डांबणे, धमकी आणि १९९९ चा अधिनियम यांवर भर द्यावा लागतो. चित्रीकरण झाले असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ ई, ६७ आणि ६७ ए ही कलमे आहेत. मुलीच्या बाबतीत विनयभंग, विवस्त्र करणे यांची स्वतंत्र कलमे आहेत, शिवाय कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते. तिची मुदत मात्र साधारण तीन महिन्यांची आहे.

जातीवरून छळ असेल तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा. नेमका जातिवाचक शब्द, कोणासमोर उच्चारला, कुठल्या जागी, हे लिहा, कारण "लोकांच्या नजरेस पडेल अशा जागी" या शब्दांवर कोर्टात कीस पडतो. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो आणि अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्याने मिळते. जातीचा दाखला पहिल्याच दिवशी जोडा. मुंबईत २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर अत्याचार प्रतिबंध कायदा, रॅगिंगचा अधिनियम आणि आत्महत्येस प्रवृत्त करणे ही कलमे एकत्र लावली गेली होती.

विद्यार्थ्याचा मृत्यू झाला असेल तर पोलीस आधी अकस्मात मृत्यूची नोंद करतात. त्यावर थांबू नका. कुटुंबाने स्वतंत्र लेखी फिर्याद द्यावी, खोली सील करून पंचनामा करायला लावावे, फोन, वह्या, लॅपटॉप पंचनाम्यात घ्यायला लावावेत. सामान आवरून "घेऊन जा" म्हणणारे होस्टेल नकळत पुरावाच आवरत असते. आत्महत्येस प्रवृत्त करण्याबद्दलच्या न्याय संहितेच्या कलम १०८ ला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण छळ आणि मृत्यू यांचा दुवा दाखवावा लागतो. शेवटच्या आठवड्यांतले मेसेज आणि आधीची पोच असलेली तक्रार हाच तो दुवा.

समितीपुढे

कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीत प्राध्यापकांखेरीज पोलीस व नागरी प्रशासनाचे, पालकांचे, विद्यार्थ्यांचे आणि माध्यमांचे प्रतिनिधी असायला हवेत. तीन प्राध्यापकांनी बंद खोलीत केलेली चौकशी ही ती समिती नव्हे. नियुक्तीचा आदेश मागा.

विचित्र वाटेल, पण आरोपीला पूर्ण संधी मिळते आहे ना, याकडे पीडिताच्या पालकांनीच लक्ष ठेवावे. नोटीस दिली नाही, आरोप कळवले नाहीत, म्हणणे ऐकले नाही, या कारणांवरून आरोपी उच्च न्यायालयात जातो आणि शिक्षा रद्द होऊन सगळे पुन्हा पहिल्यापासून. घाईने दिलेली जबर शिक्षा टिकत नाही. तुमच्या मुलाचा जबाब त्याने वाचून सही करावा आणि प्रत मागावी. कॉलेजच्या समितीच्या आदेशावर अपील कुलगुरूंकडे होते. आरोपीने अपील केले की आपले म्हणणे ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नये, असा अर्ज लगेच देऊन ठेवा.

"पोराचं करिअर आहे हो"

तीन-चार दिवसांत आरोपीचे आई-वडील घरी येतील. रडतील, ओळखीचा नगरसेवक आणतील, माफीनामा देतील. माफ करायचे की नाही हा तुमचा निर्णय. पण टाइप करून आणलेल्या कागदावर, "गैरसमजातून तक्रार झाली" अशा वाक्याखाली मुलाची सही कधीही देऊ नका. त्या वाक्याने तुमचा मुलगा खोटा ठरतो. माफीनामा हवाच असेल तर आरोपीच्या हस्ताक्षरात, काय केले ते नमूद करून, प्राचार्यांसमोर, आणि तक्रार मागे न घेता. पैसे अजिबात घेऊ नका. पुढे तीच रक्कम "यांनीच मागितली" म्हणून उभी राहते.

दबाव कॉलेजकडूनही येतो: हजेरी, अंतर्गत गुण, प्रॅक्टिकलची तोंडी परीक्षा. त्यासाठी वेगळा अर्ज द्या. उपचारांच्या आणि चौकशीच्या दिवसांची हजेरी धरावी, परीक्षक बदलावा, पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी वेगळी ठेवायची असते त्या होस्टेल इमारतीत खोली द्यावी. कॉलेज सोडायचे ठरले तर मूळ कागदपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार कॉलेजला नाही. यूजीसीने २०१८ मध्येच ते स्पष्ट केले आहे.

कॉलेज दाद देत नसेल तर

माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून समितीचे इतिवृत्त, चौकशी अहवाल आणि पोलिसांना पाठवलेल्या पत्राची जावक नोंद मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. खासगी विनाअनुदानित कॉलेज टोलवत असेल तर तीच माहिती विद्यापीठाकडून मागा, अहवाल तिथेही गेलेला असतो.

त्यानंतर उच्च न्यायालय: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच. रिट याचिकेत कॉलेजला चौकशी पूर्ण करण्याचे, पोलिसांना तपासाचे आदेश मागता येतात. नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही करता येतो, पण तो वर्षानुवर्षे चालतो; उपचारांचा खर्च मोठा असेल किंवा कायमची इजा झाली असेल तरच त्या वाटेला जा. पीडित भरपाई योजनेसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज असतो.

वकिलाची फी परवडत नसेल तरी तेच कार्यालय, बहुधा जिल्हा न्यायालयाच्याच आवारात. मुली-महिला, १८ वर्षांखालची मुले आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. हेल्पलाइन १५१००. खटला सरकारी वकील चालवतो, पण त्याला साहाय्य करायला पीडित आपला वकील देऊ शकतो. आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीतही पीडिताचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे.

"परीक्षा होऊ दे, मग बघू" म्हणणाऱ्यांनी मुदतीचा एक हिशोब लक्षात ठेवावा. वर्षभरापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची, म्हणजे साध्या इजेची, दखल कोर्ट एरवी एका वर्षाच्या आतच घेते. १९९९ च्या अधिनियमाखालच्या गुन्ह्याला तीन वर्षे मिळतात. सीसीटीव्हीला मात्र काही आठवडेच.